ओल्या खोक्यातला ब्रेक

पसरणी घाटात डोंगराला घासून थांबलेल्या त्या टॅक्सीत रमची फुटलेली बाटली सापडली होती. ती बाटली माझ्यासाठी होती. मी मागितली होती म्हणून ती गाडीत होती. हे मला माहीत होतं आणि टॅक्सीच्या मालकाला माहीत होतं. त्याने माझं नाव शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. पण त्याच्या गप्प बसण्यात आणि माझ्या गप्प बसण्यात फरक होता. आता ऐंशी ओलांडल्यावर तो फरक मी लिहून ठेवतो आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आमच्या मालकांची सांगलीत मोटारींची एजन्सी होती आणि साताऱ्यात एक छोटं वर्कशॉप. मी मूळचा सांगलीचा, पण वर्कशॉप माझ्याकडे म्हणून साताऱ्यात खोली घेऊन राहायचो. नवी गाडी सुटली की मुंबईच्या कारखान्यातून ती चालवत आणायचं कामही माझ्याकडेच. नवी मोटार म्हणजे त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. लोक मुलीच्या लग्नासाठी नंबर लावायचे आणि गाडी यायची तेव्हा नातू रांगत असायचा. टॅक्सीवाल्यांचा आणि निवृत्त सैनिकांचा नंबर मात्र जरा लवकर लागे.

फौजी तसेच आमच्याकडे आले. रहिमतपूरच्या बाजूच्या एका गावचे, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लष्कराच्या ट्रकवर, बर्फातल्या रस्त्यांवर गेलेली. अंगाने किरकोळ, मिशी बारीक, बोलणं मोठं. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी टॅक्सीत घालायचे ठरवले होते. सातारा, महाबळेश्वर, पाचगणी या बाजूचा परवाना त्यांना मंजूरही झाला होता. अट एकच: मुदतीच्या आत गाडी दाखवून पास करून घ्यायची, नाहीतर परवाना रद्द. मुदत घटस्थापनेच्या सुमारास संपत होती. गाडी श्रावणात मिळणार होती, म्हणजे घाईचं काहीच कारण नव्हतं.

श्रावणात मुंबईच्या बाजूला असा पाऊस कोसळला की कारखान्याच्या आवारात पाणी शिरलं. तिथलं पाणी लवकर ओसरलं. पण कारखान्याला ब्रेकचे भाग पुरवणारा एक लहान कारखाना नाल्याच्या कडेला होता, तो पार छपरापर्यंत बुडाला. मशिनं गाळात रुतली. इकडे सांगलीतही कृष्णा घाटाच्या पायऱ्या गिळून वर आली होती, आणि मालक गोदामातले टायर माळ्यावर चढवत होते. पाऊस उघडला. सांगलीचं पाणी उतरलं. मुंबईहून मात्र रोज एकच निरोप: गाड्या रंगून, सजून उभ्या आहेत, पण ब्रेकशिवाय आहेत.

फौजी वर्कशॉपला यायचे. दारातूनच आवाज द्यायचे.

"काय मिस्त्री, आमची पलटन कवा येनार?"

"फौजी, सांगितलं की. तिकडं पाणी शिरलंय."

"आवं, पानी कवाच वसरलं. गाडी हाय का म्हस, डबक्यातनं उठंना ती?"

मी हसायचो. तेही हसायचे. भाद्रपद लागला तशी त्यांची थट्टा कमी झाली. गणपती गेल्यावर एकदा आले ते नुसते बाकड्यावर बसून राहिले.

"हपिसात गेलतो," ते म्हणाले. "म्हटलं, साहेब, पुराचं कारण हाय, थोडी मुदत वाढवून द्या. तर म्हनतात, पूर मुंबईत आला, परवाना साताऱ्याचा हाय. आता बोला."

"मग काय म्हणालात?"

"काय म्हननार? जय हिंद म्हटलं नि आलो." मग म्हणाले, "मिस्त्री, परवाना गेला तर परत मिळायचा न्हाई. मागं लय मान्सं उभी हायती."

मी सांगलीला मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, "तू स्वतः जा. तिथं बसून राहा, पण गाडी घेऊनच ये. त्या माणसाचा परवाना आपल्यापायी बुडायला नको." मालक चांगले होते. पुढे जे झालं त्यातलं काहीही त्यांना माहीत नव्हतं.

कारखान्याच्या आवारात गाड्यांच्या रांगाच रांगा होत्या. आमचीही तिथं होती, काळी आणि पिवळी, काचेवर आमच्या एजन्सीची चिठ्ठी चिकटवलेली. गाड्या सोडणारा सुपरवायझर वैतागलेला होता. ठिकठिकाणचे माझ्यासारखे मिस्त्री त्याच्याभोवती घोळका करून उभे असायचे. शेवटी त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्टर सिलेंडर सोडून सगळं आहे. तुम्ही तेवढा पार्ट बाहेरून आणलात तर बसवा आणि घेऊन जा गाडी. मी अडवत नाही."

ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मास्टर सिलेंडर म्हणजे एक लोखंडी नळी. ब्रेकचं पेडल दाबलं की तिच्यातली रबराची वाटी पुढे सरकते आणि तेलाला चाकांकडे ढकलते. त्या गाड्यांना चारही चाकांसाठी ही एकच नळी असायची. ती आतून काचेसारखी गुळगुळीत लागते. आत गंजाचा खड्डा असेल तर रबर रोज थोडं थोडं खरवडलं जातं. बरेच दिवस काही कळत नाही. मग एके दिवशी तेल पुढे जायच्या ऐवजी मागे सरतं, पेडल फळीला टेकतं आणि गाडी थांबत नाही.

मी मुंबईतला सुट्या भागांचा बाजार पालथा घातला. पार्ट कुठेच नव्हता. एका गल्लीत एका दुकानदाराने मागच्या खोलीत नेलं. तिथं पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवली होती, फुगलेली, चिखलाच्या रेघा उमटलेली. त्या बुडालेल्या कारखान्याचाच माल होता, भंगाराच्या भावात बाहेर आलेला. दुकानदाराने लपवलं नाही. म्हणाला, "माल असली आहे, भिजलेला आहे. बघून घ्या."

मी एकेक खोकं फोडून बघितलं. सगळ्यांत कमी गंजलेला निवडला. लॉजवर बसून पेट्रोलने धुतला, बारीक पॉलिश पेपरने आतून घासला, रबराची नवी वाटी बसवली. बोट आत फिरवलं की एका जागी खरखरीत लागायचं. तिळाएवढा खड्डा. जास्त घासलं तर नळी मोठी होणार आणि रबर सैल बसणार. मी घासणं थांबवलं.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते आज चांगलं करून सांगायचा मोह होतो. फौजींचा परवाना वाचवायचा, हे होतंच. पण रिकाम्या हाताने परत जाऊन "जमलं नाही" म्हणायची लाजही होती. कुठलीही गाडी आणून दाखवणारा मिस्त्री म्हणून माझं नाव होतं, आणि ते मला आवडत होतं. नवा माल सुटला की पार्ट बदलून टाकू, महिना-दोन महिने काही होत नाही, असं मी मनाशी ठरवलं. इथवर मी स्वतःला माफही केलं असतं.

परत येताना कात्रज आणि खंबाटकी उतरताना माझा जीव पायात होता. प्रत्येक वळणावर पेडल दाबून बघत होतो. घट्ट लागत होतं. साताऱ्यात शिरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

गाडी मुदतीच्या आत पास झाली. फौजींनी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि गाडीसमोर उभं राहून खटकन सलाम ठोकला. पहिल्या फेरीला त्यांनी बायकोला मागे बसवलं. वहिनी अवघडून, पदर सावरून बसल्या होत्या. फौजी आरशातून बघत म्हणाले, "मॅडम, कुठं सोडू?" वहिनी म्हणाल्या, "आवं, पुढं बघा. गाढवपना पुरं."

जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मिस्त्री, उपकार लय झालं. काय पायजे ते बोला."

मी हसत म्हणालो, "कँटीनची आणा की एखादी."

"येवढंच व्हय? मला तर वासानंच डोकं उठतं. कार्डावर मिळती म्हनून आनायची. कवा तलाठ्याला, कवा सोसायटीच्या सेक्रेटरीला. तुमी तर घरचं."

निवृत्त फौजीकडून लष्कराच्या कँटीनमधली रमची बाटली घेणं हे आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नसे. पैसे घेतले तर लाच, बाटली घेतली तर ओळख. दर महिन्याला फौजी पिशवीत बाटल्या घेऊन एस.टी.तून उतरतात, हे गावाने बघितलेलं होतं. त्या पुढे कुणाच्या घरी जातात, ते गावाने बघितलं नव्हतं.

ब्रेकबद्दल मी बोललो नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं की, फौजी, आत भिजलेला पार्ट आहे, बदलायचा आहे. पण ते इतके खूश होते आणि माझं इतकं कौतुक चाललं होतं.

दिवाळीनंतर नवा माल सुटला. मी फौजींच्या गाडीसाठी एक मास्टर सिलेंडर मागवला आणि टेबलाच्या खणात ठेवला. तो कोरडा, गुळगुळीत, तेलाच्या कागदात गुंडाळलेला होता. थोड्याच दिवसांनी ते हवा भरायला आले. गाडीत सवारी बसली होती, महाबळेश्वरची. सीझन जोरात होता.

"फौजी, एकदा गाडी लावा माझ्याकडं. ब्रेक बघायचाय," मी म्हणालो.

"किती येळ लागंल?"

"अर्धा दिवस धरा."

त्यांनी गाडीतल्या माणसांकडे बघितलं. "लय घाई हाय का?"

मी म्हणालो, "घाई नाही. सवडीनं या. आणि आपलं ते विसरू नका."

"शनवारी येतो. तुमचं पार्सल घिऊनच येतो बघा."

घाई नाही. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण या दोन शब्दांइतकं महाग काही बोललो नाही.

शनिवारी ते पाचगणीहून तीन माणसं घेऊन वाईकडे उतरत होते. माणसं वाईला सोडायची आणि तसंच साताऱ्याला माझ्याकडे यायचं, असा बेत. पसरणी घाटात, मधल्या एका वळणाच्या आधी, पेडल खाली गेलं. त्यांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगावर घातली. पत्रा घासत, ठिणग्या उडवत गाडी गटारात जाऊन दगडाला अडकली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती असती तर चौघेही खाली गेले असते. मागे बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात मोडला. फौजींच्या कपाळाला लागलं. आणि सीटखालची बाटली फुटून सगळी रम त्यांच्या कपड्यांवर, गाडीभर झाली.

मागून येणारी एस.टी. थांबली. माणसं धावत आली, त्यांना आधी वास आला. मग त्यांच्यातल्या कुणी काही विचारलंच नाही. पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं. फौजी म्हणाले, मी पीत नाही, बाटली द्यायला चाललो होतो. कुणाला, यावर गप्प बसले. वास अंगाला, कपड्यांना, आणि माणूस फौजी. दारू पिऊन गाडी चालवली, असं कागदावर लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओढून माझ्याच वर्कशॉपला आणली. ब्रेक तपासायला इन्स्पेक्टर दुपारी येणार होते. मी शटर अर्धं ओढलं आणि पार्ट खोलला. रबराची वाटी एका बाजूने दाताने कुरतडल्यासारखी झाली होती. खड्डा आता मोठा दिसत होता. तो तसाच ठेवून इन्स्पेक्टरला दाखवला असता तर फौजी त्या दिवशीच सुटले असते. मग प्रश्न आला असता की हा पार्ट कुणी बसवला. एजन्सी, मालक, माझी नोकरी, कदाचित तुरुंग. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगताना ते कारण वाटत नाही, नुसती माहिती वाटते.

मी खणातला नवा सिलेंडर काढला, बसवला, तेल भरलं, हवा काढली. वरून ग्रीस आणि माती चोळली, नवेपणा झाकायला. जुना भंगाराच्या ढिगात टाकला.

इन्स्पेक्टरांनी पेडल दाबून बघितलं. "ब्रेक तर दगडासारखा आहे."

मी म्हणालो, "हो साहेब."

पुढच्या आठवड्यात फौजी आले. कपाळावर पट्टी होती. गाडीकडे न बघता सरळ माझ्यापाशी आले.

"मिस्त्री, एक सांगा. मी दाबला तवा पेडल सरळ खाली गेलं. लोन्यात पाय घातल्यावानी. आसं कशानं व्हतं?"

"इन्स्पेक्टरांनी बघितला, फौजी. ब्रेक घट्ट आहे."

"व्हय, त्येंनी सांगितलं. पर मी दाबला हुता."

मी हातातला पाना पुसत होतो. पुसता पुसता म्हणालो, "घाटात अंगावर आलं की पाय चुकतो. भल्याभल्यांचा चुकतो. ब्रेकच्या जागी क्लचवर पडला असंल."

त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "आसंल. तुमी म्हनताय तर आसंल." निघताना दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "त्या बाटलीचं इचारत हुते. तुमचं नाव न्हाई घेतलं. तुमच्याकडं दारूचं परमिट नसनार, उगं लफडं नगं."

मी मान हलवली. आभारसुद्धा मानले नाहीत.

परवाना गेला. गाडी विकली. फौजी एका साखर कारखान्यात पहारेकरी म्हणून लागले. मी काही वर्षांनी सांगलीत स्वतःचं गॅरेज काढलं, ते बरं चाललं. साताऱ्याच्या स्टँडवर ते मला एकदा भेटले होते. "मिस्त्री, बरं हाय न्हवं?" एवढंच विचारून गाडीकडे धावले. त्यांची एस.टी. सुटत होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यानंतर मी त्यांच्या गावी गेलो. वहिनी ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी ओळखलं. मी सगळं सांगितलं: खोकं, खड्डा, खणातला पार्ट, शटर, बाटली. त्यांचा हात सुपात थांबला होता.

"मंजी ते प्याले न्हवते, ह्ये तुमाला म्हाईत हुतं."

"हो."

"मलाबी म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. "म्या सांगून काय उपेग? बायकू नवऱ्याचं वडनारच. आवं, गाव त्यास्नी रम म्हनायचं. 'रम आली, रम गेली.' माझ्या पोराला साळंत रमचा पोरगा म्हनायचे." मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मला सांगू नका. उद्या सकाळी दूध डेरीवर या. समदं गाव तितं असतंय."

त्या रात्री मी रहिमतपुरात राहिलो. पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. सकाळी डेरीसमोर माणसं किटल्या घेऊन उभी होती. तरुण पोरांना मी कोण ते माहीत नव्हतं, म्हाताऱ्यांना फौजी आठवत होते. वहिनी कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. मी उभ्याने सगळं सांगितलं. मध्येच कुणीतरी पाणी पुढे केलं. मी घेतलं नाही.

सांगून झालं. मग काठी धरलेला एक म्हातारा म्हणाला, "आन आमी हसलो की रं. समोरासमोर हसलो. कवा उलटून बोलला न्हाई त्यो."

"परत गाडीबी न्हाई चालवली त्यानं," दुसरा म्हणाला. "पोरानं टॅक्टर घेतला, तर त्याच्यावर बसाया सांगितलं तरी बसंना. म्हनायचा, माझ्या पायाचा भरवसा न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. परवाना गेला, गाडी गेली, नाव गेलं, हे सगळं मी मनात मोजून ठेवलं होतं. हे त्यात नव्हतं.

रांग पुढे सरकली. माणसं माझ्या अंगाला न लागता बाजूने जात होती. मी वहिनींपाशी गेलो. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या,

"नावाचं आज झालं. पायाचं त्यास्नी सांगाय पायजे हुतं."

त्यांनी घरी बोलावलं नाही, चहा विचारला नाही. मी स्टँडकडे चालत निघालो.